स्नॅपड्रॅगन घरच्या बागेत: पेरणीच्या तारखेपासून फुलांच्या तुऱ्यापर्यंत

डिसेंबर उजाडला की पुण्या-नाशकाच्या रोपवाटिकांत पिटुनिया, पॅन्सी, डायंथस यांच्या ओळीत स्नॅपड्रॅगनच्या फुललेल्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. बरेच रोपवाटिकावाले त्याला ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतात. आपण भरल्या तुऱ्याची कुंडी घरी आणतो, दोन-तीन आठवडे ती बाल्कनी उजळून टाकते, मग तुरे वाळतात आणि झाड रोडावत जातं. ‘आपल्या हवेत हे काही टिकत नाही’ असं म्हणून पुढच्या वर्षी कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. पठारावरचा आपला हिवाळा स्नॅपड्रॅगनला फार मानवतो. दिवसा पंचविशी-अठ्ठाविशीचं ऊन आणि रात्री १० ते १५ अंशांचा गारवा हे त्याचं आवडतं हवामान. अडचण एवढीच की ही थंडी जेमतेम तीन महिने राहते आणि झाडाला बियाण्यापासून फुलापर्यंत यायलाही तीन ते चार महिने लागतात. म्हणजे थंडी पडल्यावर पेरणी केली तर फुलायची वेळ येईपर्यंत ऊन तापू लागतं. थंडी सुरू होते तेव्हा रोप वीतभर वाढलेलं, फुटवे धरलेलं असायला हवं. माती, खत, औषधं यांच्यावर भरपूर बोललं जातं, पण स्नॅपड्रॅगनचं यश निम्म्याहून अधिक पेरणीच्या तारखेवर ठरतं. म्हणून सुरुवात तारखेपासूनच करू.

कुठे, कधी पेरायचं

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी करावी. तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, म्हणून ट्रे उघड्यावर ठेवायचा नाही. भरपूर उजेड येणारी पण पागोळ्या न पडणारी जागा शोधायची. ऑक्टोबर हीटच्या काळात रोपं ट्रेमध्ये लहान असतात, त्यांना दुपारच्या उन्हापासून आडोसा देणं सोपं जातं. ती हीट ओसरली की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रोपं कुंडीत जातात. बुटक्या जाती डिसेंबरच्या उत्तरार्धात फुलू लागतात. खरा बहर जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि नीट छाटणी केली तर मार्चच्या मध्यापर्यंत दुसरी खेपही मिळते.

विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पुण्याइतक्याच, कधी त्याहून जास्त गार असतात. मात्र फेब्रुवारी संपता संपता तिथे ऊन झपाट्याने चढतं. नागपूर-अमरावतीकडच्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस पेरून लवकर फुलणाऱ्या बुटक्या किंवा मध्यम जाती घ्याव्यात.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात अपेक्षा थोडी आवरती घ्यायला हवी. तिथे रात्रीचा गारवा अल्पकाळचा असतो आणि दमटपणामुळे बुरशीचा त्रास जास्त. उंच जातींच्या मागे न लागता बुटकी जात निवडावी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरावी, किंवा सरळ नोव्हेंबरमध्ये तयार रोपं आणावीत. जानेवारी-फेब्रुवारीत चांगली फुलं मिळतात. त्यापुढे ओढाताण करण्यात अर्थ नाही.

महाबळेश्वर-पाचगणीला पावसाचा जोर बघता ऑक्टोबरमध्ये आडोशाला पेरणी करावी. तिथला उन्हाळा सौम्य असल्यामुळे जानेवारीत आणखी एक पेरणी करून बघण्यासारखी आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित अगदी उलटं. शेवटचं दव गोठायच्या आधी आठ-दहा आठवडे घरात, खिडकीपाशी पेरायचं आणि हिमतुषाराची भीती संपल्यावर बाहेर लावायचं. त्यांच्याकडे हा उन्हाळ्यातला फुलोरा आहे.

झाड मुळात कुठलं, यावरून काय कळतं

स्नॅपड्रॅगन, म्हणजे अँटिऱ्हिनम मेजस, भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या प्रदेशातला. स्पेन, दक्षिण फ्रान्स, मोरोक्को या भागांत तो खडकांच्या कपारीत आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतसुद्धा उगवतो. हे लक्षात ठेवलं की लागवडीतले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. कपारीत पाणी साचत नाही, म्हणून त्याला निचरा हवा. भिंतीवर ऊन भरपूर असतं, म्हणून त्याला ऊन हवं. माती थोडकी असते, म्हणून खताचा मारा त्याला सोसत नाही. निसर्गात हे झाड दोन-तीन वर्षं जगतं, पण आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला झेपत नाही. त्यामुळे ते हंगामी समजूनच लावावं.

फुलाची रचना पाहण्यासारखी आहे. दोन ओठ एकमेकांवर घट्ट मिटलेले असतात आणि बाजूंनी हलकेच दाबलं की तोंड उघडतं. मुलांना हा खेळ एकदा दाखवा, मग झाडाला पाणी घालायची आठवण तीच करून देतात. मिटलेलं तोंड उघडायला अंगात जोर असलेला कीटकच लागतो. आपल्याकडे काळा भुंगा हे काम सहज करतो. बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभाविता शिकवताना लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, असं उदाहरण आहे. ते याच झाडाचं.

जात निवडताना

पाकिटावरचा फोटो बघून बियाणं घेऊ नका, उंची वाचा. १५ ते २५ सेंटिमीटरची बुटकी जात कुंडी, खिडकीतली पेटी आणि बाल्कनीसाठी उत्तम. फ्लोरल शॉवर्स ही मालिका यातलीच. ती लवकर फुलते आणि तिला काठीचा आधार लागत नाही. ४० ते ६० सेंटिमीटरची मध्यम जात, उदाहरणार्थ सॉनेट, मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात शोभते आणि घरापुरती फुलदाणीची फुलंही देते. पाऊण मीटरच्या वर जाणाऱ्या उंच जातींत रॉकेट सर्वांत परिचित आहे. मॅडम बटरफ्लायची फुलं दुहेरी पाकळ्यांची, उघड्या तोंडाची असतात. दिसायला देखणी, पण दाबून तोंड उघडण्याचा खेळ तिच्यात नाही. घरात लहान मुलं असतील तर साधीच जात आणा.

उंच जातींबाबत एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्नॅपड्रॅगन मोठ्या दिवसांत लवकर फुलतो. डिसेंबरात पुण्याचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. फुलशेतीसाठीच्या जातींचे म्हणूनच चार गट पाडलेले असतात. पहिला आणि दुसरा गट लहान दिवस व थंडीसाठी, तिसरा आणि चौथा मोठ्या दिवसांसाठी. पाकिटावर गट लिहिलेला असेल तर आपल्या हिवाळ्यासाठी पहिला किंवा दुसरा घ्यावा. शँटिली ही मालिका त्यात बसते. रॉकेट उशिरा फुलणारा आहे. तोच लावायचा असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा चुकवू नका. पहिल्यांदाच लावत असाल तर माझं स्पष्ट मत, बुटकी जात घ्या.

पेरणी: इथेच सगळी कसोटी

स्नॅपड्रॅगनचं बियाणं काळसर आणि अतिशय बारीक असतं. एका ग्रॅममध्ये काही हजार बिया भरतात. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. बी मातीखाली गाडलं की उगवण फसते, आणि उघडं ठेवलं की सुकतं किंवा पाण्याच्या धारेने वाहून जातं. पुढची सगळी खटपट या दोन टोकांमधून वाट काढण्यासाठीच आहे.

ट्रे कुठलाही चालतो. प्रोट्रे, म्हणजे छोट्या छोट्या खणांचा ट्रे, मिळाला तर रोपं वेगवेगळी करायचा त्रास वाचतो. नाहीतर मिठाईचा उथळ प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्याच्या तळाला गरम सुईने भरपूर भोकं पाडा. भरायला दोन भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट आणि एक भाग बारीक चाळलेलं गांडूळखत घ्या. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण स्वस्त विटांमध्ये क्षार बरेच असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. या मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळून दोन-तीन दिवस सावलीत ओलसर ठेवलं तर पुढे रोपं कोलमडण्याचा धोका कमी होतो. बागेतली माती ट्रेमध्ये घालू नका. तिच्यात तणाचं बी असतं, बुरशी असते आणि पाणी दिल्यावर तिचा थर घट्ट बसतो.

आता कृती.

१. ट्रे भरून हाताने हलकेच सपाट करा. परातीत पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवा. वरचा थर ओला दिसू लागला की बाहेर काढून निथळू द्या. पेरणीपूर्वीचं पाणी असंच खालून द्यायचं.

२. बी कोरड्या, बारीक चाळलेल्या वाळूत मिसळा आणि चिमटीने रांगोळीसारखं सोडत जा. पांढरट वाळूमुळे कुठे पडलं, कुठे राहिलं ते दिसतं. प्रोट्रेमध्ये एकेक बी ठेवायचं असेल तर दात कोरायच्या काडीचं टोक ओलं करून बी उचला. लेप दिलेलं, मण्यासारखं बियाणं मिळालं तर बोटांनीच ठेवता येतं. त्यावर मात्र पाण्याचा फवारा मारून लेप विरघळू द्यावा लागतो.

३. वरून माती टाकू नका. बी मिश्रणाला टेकावं एवढ्यासाठी सपाट लाकडाच्या तुकड्याने अगदी हलकेच दाबा.

४. वर पारदर्शक झाकण किंवा ताणून प्लास्टिक लावा आणि ट्रे उजेडात ठेवा, उन्हात नाही. झाकलेला ट्रे उन्हात गेला तर आतलं बी उकडून निघतं. १८ ते २४ अंशांत उगवण चांगली होते. सप्टेंबरात आपल्याकडे दुपारी यापेक्षा गरम असतं, म्हणून घरातली गार, उजेडाची खिडकी निवडा.

५. रोज सकाळी झाकण पाच मिनिटं उघडा आणि साचलेले थेंब पुसून टाका. थर सुकतोय असं वाटलं तर पुन्हा परातीतून पाणी द्या. झारीने नको.

सात ते चौदा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. निम्मं बी उगवलं की झाकण कायमचं काढा, बाकीच्यांसाठी थांबू नका. उगवल्यानंतरही झाकण तसंच राहिलं की रोपाचा बुंधा जमिनीलगत पाण्यासारखा नरम पडतो आणि रोप आडवं होतं. एका रात्रीत अर्धा ट्रे असा जाऊ शकतो. त्यावर धावाधाव करून औषध मारण्यापेक्षा मोकळी हवा, खालून पाणी आणि विरळ पेरणी हाच खरा उपाय. आडवी पडलेली रोपं भोवतालच्या मिश्रणासकट चमच्याने काढून टाका आणि दोन दिवस पाणी तोडा.

झाकण काढल्यावर ट्रेला सकाळचं कोवळं ऊन द्यायला लागा. पहिल्या आठवड्यात तासभर, मग हळूहळू वाढवत तीन-चार तास. उजेड कमी पडला की रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि तशी रोपं पुढे कधीच भक्कम होत नाहीत.

तयार रोपं आणणार असाल तर

यात कमीपणा काही नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चांगली रोपं मिळाली तर वेळ आणि बियाणं दोन्ही वाचतं. मात्र फुललेलं रोप घेण्याचा मोह टाळा. छोट्या पिशवीत फुललेल्या रोपाची मुळं बहुधा कोंडलेली असतात आणि कुंडीत लावल्यावर ते मुळं वाढवण्याऐवजी फुलांतच ताकद घालवतं. बसकं, गर्द हिरवं, बुडाशी दोन-तीन फुटवे असलेलं आणि फूल नसलेलं रोप निवडा. घेण्यापूर्वी पान उलटं करून बघा. खाली चॉकलेटी पूड किंवा फोड दिसले तर ते रोप नको, त्याच्या शेजारचंही नको.

कुंडी, माती, जागा

बियाण्यापासून केलेल्या रोपाला खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की ते छोट्या पिशवीत किंवा कागदी कपात हलवा. पेरणीपासून पाच-सहा आठवड्यांनी कायमच्या जागी लावा. उचलताना पान धरा, दांडा नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, दांडा चेपला की रोप गेलं.

बुटक्या जातीचं एक रोप सहा ते आठ इंची कुंडीत मावतं. बारा इंची पसरट कुंडीत तीन रोपं लावली तर भरगच्च दिसतं. मध्यम आणि उंच जातींना निदान दहा इंच खोल कुंडी द्या. वाफ्यात बुटक्यांमध्ये १५ ते २० सेंटिमीटर, उंच जातींत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. दाटीने लावलेली झाडं दोन आठवडे छान दिसतात, मग मधल्या पानांना वारा लागत नाही आणि रोग सुरू होतो.

मातीसाठी दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू किंवा परलाइट घ्या. दर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा मिसळा. काळी माती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि बहुधा अल्कधर्मी असते. स्नॅपड्रॅगनला ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू (पीएच) लागतो.

इथे बोअरच्या पाण्याचा विषय निघतोच. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. महिनाभर ते घातल्यावर शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असतंच, पण सामू वाढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी शेणखत वाढवून काही साधत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ते एक ग्रॅम एका लिटर पाण्यात मिसळून पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. जमेल तितकं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

उन्हाची निवड करताना दक्षिण दिशा लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं, तर उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळपास पोचतच नाही. या झाडाला सहा तास ऊन मिळालं तर उत्तम, चार तास ही किमान मर्यादा. फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर स्नॅपड्रॅगनचा हट्ट सोडा आणि दुसरं काही लावा.

शेंडा खुडायचा, पण कधी?

रोप चार-पाच जोड्या पानांचं, साधारण १० सेंटिमीटरचं झालं की खालच्या तीन जोड्या ठेवून वरचा शेंडा नखाने खुडायचा. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फुटवा निघतो आणि एका तुऱ्याच्या जागी पाच-सहा तुरे येतात. वाढता जोमदार शेंडा तोडताना नव्या बागकर्मीचा हात अडखळतो. बिनधास्त खुडा.

मात्र शेंडा खुडल्याने फुलं दोन-तीन आठवडे लांबतात. आपली थंडी आखूड असल्यामुळे हा हिशोब महत्त्वाचा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत खुडलं तर फायदाच फायदा. डिसेंबर लागल्यावर हात लावू नका, विशेषतः उंच जातींना. उशीर झालेल्या रोपाला एकच मोठा तुरा येऊ द्यावा, तोही सुंदर दिसतो. आजच्या बुटक्या संकरित जाती बुडापासून स्वतःच फुटतात, त्यांना खुडलं नाही तरी चालतं.

उंच जातींना आधार आधीच द्या. दांडा एकदा वाकला की त्याचं टोक पुन्हा आकाशाकडे वळतं आणि तुरा कायमचा वेडावाकडा होतो. रोप वीतभर असतानाच कुंडीत बांबूच्या तीन काड्या रोवून सुतळीचे दोन वेढे द्या. वाफ्यात चार कोपऱ्यांना काठ्या ठोकून १५ सेंटिमीटरच्या चौकटींची सुतळीची जाळी आडवी बांधा. झाड वाढत जाईल तशी ती वर सरकवा.

पाणी आणि खत

बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर नको. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक कुंड्यांना एक दिवसाआड पुरतं. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यायचं. संध्याकाळी झाडावरून झारी फिरवण्याची सवय गुलाब-जास्वंदीला एकवेळ चालून जाते, स्नॅपड्रॅगनला ती महागात पडते. कारण पुढे येतंच आहे.

रोप लावल्यावर दोन आठवडे काहीच खत नको. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) विद्राव्य खत एक ते दीड ग्रॅम एका लिटरला. कळ्या दिसू लागल्या की त्याऐवजी ०:५२:३४ त्याच प्रमाणात, एक-दोनदा. सेंद्रियच द्यायचं असेल तर शेणाची कुजवलेली स्लरी दहापट पाण्यात मिसळून पंधरवड्याला एकदा. युरियापासून लांब राहा. नत्र जास्त झालं की पानं मोठी आणि मऊ होतात, दांडा पोकळ व लुळा पडतो आणि मावा आमंत्रण दिल्यासारखा येतो. कांद्याच्या सालींचं पाणी अनेक जण घालतात. त्याने झाडाचं बिघडत काही नाही, पण खताची जागा ते घेऊ शकत नाही.

तांबेरा आणि इतर त्रास

स्नॅपड्रॅगनचा खरा शत्रू तांबेरा. ही पक्सिनिया अँटिऱ्हिनी नावाची बुरशी आहे. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके दिसतात, उलटं केलं की त्याच जागी चॉकलेटी पुडीचे फोड, पुष्कळदा वर्तुळात. ही बुरशी रुजायला पान काही तास ओलं राहावं लागतं आणि तिला गार रात्री व सौम्य दिवस आवडतात. म्हणजे नेमका आपला डिसेंबर-जानेवारी. संध्याकाळी पानं भिजवली की रात्रभर ती ओली राहतात आणि बुरशीला जे हवं ते आपणच पुरवतो. सकाळी बुडाशी पाणी देण्याचा आग्रह यासाठीच.

पहिले फोड दिसताच ती पानं तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. झटकू नका, पूड उडून शेजारच्या कुंड्यांवर जाते. कुंड्यांमधलं अंतर वाढवा. पसरत चालला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दोन ग्रॅम एका लिटरला घेऊन पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असं फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फवारताना हातमोजे आणि मास्क हवेतच, मुलं-पाळीव प्राणी लांब ठेवा. निम्म्याहून जास्त पानं धरलेलं झाड वाचवत बसू नका, उपटा. एक दिलासा आहे, हा तांबेरा गुलाबावर किंवा भाजीपाल्यावर जात नाही.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, तेही सकाळी. मग पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रवसाबण आणि एक लिटर पाणी, ऊन कलल्यावर फवारा. फुलांवर फवारू नका, त्यावर मधमाश्या आणि भुंगे येतात. पाकळ्यांवर पांढुरक्या रेघा दिसल्या तर ते फुलकिडे. निळे चिकट सापळे लावा आणि डागाळलेले तुरे कापून टाका. फेब्रुवारीच्या अखेरीस हवा कोरडी तापली की पानांखाली बारीक जाळी करणारा लाल कोळी येतो. त्याला ओलावा सोसत नाही, म्हणून तेव्हा सकाळी पानांच्या खाली पाणी मारायला हरकत नाही. त्या दिवसांत पान लगेच सुकतं, तांबेऱ्याची भीती उरत नाही.

फुलं कापा, झाड पुन्हा फुलवा

तुऱ्यातली फुलं खालून वर उमलत जातात. खालची एक-तृतीयांश फुलं उघडली की फुलदाणीसाठी कापायची वेळ झाली. पहाटे किंवा सकाळी लवकर, धारदार कात्रीने कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. तुरे उभेच ठेवायचे. आडवे ठेवले तर तासा-दोन तासांत टोकं वर वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. पाण्यात बुडणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला आणि दांड्याचा शेवट थोडा कापा. फुलदाणी केळ्यांच्या फणीजवळ किंवा फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने स्नॅपड्रॅगनची फुलं गळतात. भुंग्याने परागण केलेलं फूलही लवकर गळतं. म्हणून घरात ठेवायची फुलं पूर्ण उमलेपर्यंत बागेत थांबवू नयेत.

झाडावर ठेवलेला तुरा तीन-चतुर्थांश संपला की कापा. नुसता फुलांचा भाग खुडून भागत नाही. खाली जिथे जोमदार फुटवा दिसतो, त्याच्या वर कापायचं. जानेवारीच्या अखेरीस पहिला बहर ओसरला की सगळं झाड एक-तृतीयांशाने छाटा, वरची माती खुरप्याने हलकी करा, मूठभर गांडूळखत आणि एकदा १९:१९:१९ द्या. तीन-चार आठवड्यांत दुसरी खेप येते. तिचे तुरे आखूड असतात, पण संख्येने पुष्कळ.

बी धरायचं का?

धरायचं असेल तर दोन-तीन तुरे न कापता सोडा. बोंडं तपकिरी झाली की टोकाशी छिद्रं उघडतात. वाळलेलं बोंड उलटं धरून बघा, चक्क छोट्या कवटीसारखं दिसतं. मुलांना हेही जरूर दाखवा. तुरा कागदी पिशवीत उलटा घालून झटकला की बी खाली पडतं.

संकरित जातीच्या बियांतून मात्र आईसारखी झाडं येतील ही अपेक्षा ठेवू नका. चार्ल्स डार्विनने नेमकं हेच याच झाडावर पाहिलं होतं. त्याने साध्या फुलाचा स्नॅपड्रॅगन आणि तोंड नसलेला, नळीसारख्या फुलाचा प्रकार यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी साध्या फुलांची झाडं आली. त्यांच्या बियांतून आलेल्या १२७ झाडांपैकी ८८ साधी, ३७ नळीच्या फुलांची आणि २ अधलीमधली निघाली. ही नोंद त्याने १८६८ साली प्रसिद्ध केली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. तुमच्या कुंडीतही उंची आणि रंग असेच विखुरतील. मिश्र रंगांची हौस असेल तर ती मजा आहे. एकच रंग, एकच उंची हवी असेल तर दर वर्षी नवं पाकीट घ्या. साठवायचं बी पूर्ण सुकवून कागदी पाकिटात, ते पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पाकिटावर जात आणि वर्ष लिहा.

मार्चअखेर पानं करपू लागली की झाडं उपटा. निरोगी झाडं कंपोस्टमध्ये जाऊ द्या, तांबेरा लागलेली कचऱ्यात. कुंडीतली माती पसरून एप्रिल-मेचं कडक ऊन द्या, त्यात निंबोळी पेंड मिसळून ठेवा आणि पावसाळ्यात तिच्यात भेंडी-गवार काहीही लावा. पुढच्या हिवाळ्यात त्याच मातीत पुन्हा स्नॅपड्रॅगन नको, कुंड्यांची अदलाबदल करा. बियाण्याचं पाकीट ऑगस्टमध्येच मागवून ठेवा. सप्टेंबरात शोधायला गेलात तर हव्या त्या उंचीची जात बहुधा संपलेली असते.